मुलीच्या खटल्यात सरकार पक्ष काय करतो: फिर्यादीपासून अपिलापर्यंत

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुमच्या बहिणीच्या तेरा वर्षांच्या मुलीवर ओळखीतल्याच माणसानं अत्याचार केला. गेल्या महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यात बलात्काराचा आणि पोक्सोचा (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचा) गुन्हा नोंदला गेला. आरोपी कोठडीत आहे आणि त्यानं जामिनासाठी अर्ज केला आहे. तुम्ही विचारलंय, सरकारी वकील आमचा की पोलिसांचा? खासगी वकील द्यावा का? पोरीला हे सगळं आणखी किती वेळा सांगावं लागेल? आणि गावातली चार माणसं रोज घरी येऊन "मिटवून टाका" म्हणतात, त्यांना काय सांगायचं?

कोल्हापूरच्या सत्र न्यायालयात सरकार पक्षातर्फे असे खटले मी वर्षानुवर्षे चालवत आले आहे. त्या अनुभवावरून सांगते. न्यायालयात मुलगी बोलते तो दिवस सगळ्यांच्या लक्षात राहतो, पण खटला बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी उभा राहतो किंवा ढासळतो. आमची सगळी धडपड असते ती मुलीच्या एकटीच्या शब्दावर पूर्ण भार पडू नये यासाठी. ती जे सांगणार आहे त्याच्या आजूबाजूला कागद, डॉक्टर, मुद्देमाल आणि साक्षीदार असे उभे करायचे, की तिला कमीत कमी बोलावं लागेल आणि जे बोलेल ते टिकेल.

तारीख जवळ आली आहे म्हणून आधी जामिनाचं. सोळा वर्षांखालच्या मुलीवरच्या बलात्काराच्या गुन्ह्यात जामिनाच्या सुनावणीला फिर्यादीनं किंवा फिर्यादीनं अधिकार दिलेल्या व्यक्तीनं हजर असणं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८३ नुसार बंधनकारक आहे. सुनावणीची सूचना तुमच्यापर्यंत पोहोचवणं तपास अधिकाऱ्याचं काम आहे, पण वाट बघत बसू नका. ठाण्यात जाऊन तारीख आणि न्यायालय विचारून घ्या. आरोपी त्याच गल्लीत राहतो का, मुलीच्या शाळेच्या वाटेवर त्याचं घर किंवा दुकान आहे का, अटकेनंतर त्याच्या घरच्यांनी कुणामार्फत निरोप पाठवला का, फोन केला का, हे तारीख-वेळेसह एका कागदावर लिहा आणि सही करून सरकारी वकिलांकडे द्या. "आम्हाला भीती वाटते" एवढ्या वाक्यावर आम्हाला फार काही करता येत नाही. "अमुक दिवशी संध्याकाळी त्याचा भाऊ दारात येऊन असं बोलला" यावर मी न्यायाधीशांपुढे उभी राहू शकते. जामीन झालाच तर खटला संपला असं समजू नका. गावात यायचं नाही, मुलीशी किंवा साक्षीदारांशी संपर्क ठेवायचा नाही, अशा अटी आम्ही मागतो आणि त्या मोडल्या तर जामीन रद्द करण्याचा अर्ज करतो.

आता सरकारी वकील कुणाचा, ते. कायद्यानं तो राज्याचा असतो. पोलिसांचा तो नोकर नव्हे, तपास कसा करायचा याचा हुकूमही तो पोलिसांना देऊ शकत नाही. सल्ला देऊ शकतो, त्रुटी दाखवू शकतो. तुमचा वकीलही तो त्या अर्थानं नाही, कारण आरोपीच्या बाजूचा एखादा कागद हाती लागला तर तोही न्यायालयापुढे ठेवणं हे त्याचं कर्तव्य आहे. हे ऐकून बऱ्याच घरच्यांचं मन खट्टू होतं. पण या तटस्थपणामुळेच सरकारी वकिलाच्या शब्दाला न्यायालयात वजन असतं, आणि ते वजन शेवटी तुमच्या मुलीच्याच कामी येतं.

तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायालयात सहायक सरकारी वकील असतात, ते अभियोग संचालनालयाच्या अखत्यारीत येतात. सत्र न्यायालयात जिल्हा सरकारी वकील आणि त्यांच्याबरोबर अतिरिक्त सरकारी वकील. पोक्सोसाठी विशेष न्यायालय असतं आणि तिथे कलम ३२ प्रमाणे विशेष सरकारी वकील नेमले जातात, त्यासाठी किमान सात वर्षांची वकिली लागते. एखाद्या गाजलेल्या प्रकरणात सरकार स्वतंत्र विशेष सरकारी वकील देतं, त्याला दहा वर्षांची अट आहे. तशी मागणी कुटुंब करू शकतं, अर्ज विधी व न्याय विभागाकडे जातो. माझं प्रामाणिक मत विचाराल तर मोठ्या नावामागे धावण्याआधी तुमच्या न्यायालयात रोज पोक्सोचं काम बघणाऱ्या वकिलांना एकदा भेटा. ज्याला तिथली डॉक्टर मंडळी, मुद्देमाल कारकून, पैरवी अंमलदार (न्यायालयातलं काम बघणारा पोलीस) आणि त्या न्यायाधीशांची काम करण्याची रीत ठाऊक आहे, त्याच्या हातून गोष्टी निसटत नाहीत.

खासगी वकील देता येतो. पोक्सोच्या कलम ४० नं तो हक्क दिला आहे, आणि परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. त्याची मर्यादा मात्र समजून घ्या. तो सरकारी वकिलांच्या मार्गदर्शनाखाली मदत करतो आणि पुरावा संपल्यावर न्यायालयाच्या परवानगीनं लेखी युक्तिवाद देऊ शकतो. साक्षीदारांना स्वतंत्रपणे प्रश्न विचारणं त्याच्या अधिकारात नाही, सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. जामिनाच्या वेळी, नुकसानभरपाईच्या अर्जासाठी आणि तारखांवर लक्ष ठेवायला असा वकील उपयोगी पडतो. पण "सरकारी वकिलाला बाजूला करून आमचा वकीलच खटला चालवेल" असं कुणी तुम्हाला सांगून पैसे मागत असेल, तर ते खरं नाही.

वकिलाच्या मागे-पुढे आणखी बरीच माणसं असतात. तपास अधिकारी, जबाब घेणाऱ्या महिला उपनिरीक्षक, सीपीआरमधले (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयातले) किंवा ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर, न्यायसहायक प्रयोगशाळा, बाल कल्याण समिती आणि समितीनं नेमलेली सहायक व्यक्ती. ही सहायक व्यक्ती २०२० च्या पोक्सो नियमांत आहे आणि लोकांना तिची माहितीच नसते. गुन्ह्याची खबर पोलिसांनी २४ तासांत समितीला द्यायची असते. समितीनं नेमलेली व्यक्ती मग तपास आणि खटला संपेपर्यंत मुलीबरोबर राहते. कुठली तारीख कशासाठी आहे ते सांगते, समुपदेशकाकडे नेते, शाळेत अडचण आली तर बोलते. तुमच्या प्रकरणात ती नेमली आहे का, हे उद्याच विचारा. नसेल तर समितीकडे साध्या कागदावर अर्ज द्या.

आता पुराव्याचं. तुमचा गुन्हा १ जुलै २०२४ नंतरचा असल्यानं त्याला नवे फौजदारी कायदे (भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम) लागू आहेत. त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना शिक्षेची जुनीच कलमं लागतात, त्यामुळे आमच्याकडे अजून दोन्ही पुस्तकं टेबलावर असतात. पोक्सो कायदा मात्र २०१२ चाच आहे.

पहिला प्रश्न वयाचा. मूल अठरा वर्षांखालचं आहे हे आधी सिद्ध करावं लागतं, त्यानंतर बाकी सगळं. तेरा वर्षांच्या मुलीत वाद कमी होतो, पण मुलगी सोळा-सतरा वर्षांची असेल तर आख्खा खटला या एका तारखेवर फिरतो. शाळेचा जन्मतारखेचा दाखला पहिल्या पसंतीचा, तो नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा महापालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसले तरच वैद्यकीय चाचणी, असा क्रम बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये आहे. व्यवहारात काय होतं बघा. मुख्याध्यापक जनरल रजिस्टर घेऊन साक्षीला येतात. बचाव पक्षाचे वकील विचारतात, ही तारीख तुम्ही कशावरून लिहिली? प्रवेशाच्या वेळी पालकांनी तोंडी सांगितली. त्यात तारीख १ जून असेल तर ते आणखी पुढे सरकतात, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लिहिण्याची पद्धत आपल्याकडे खेड्यापाड्यांत होती, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मी शाळेच्या दाखल्यावर थांबत नाही. ग्रामपंचायतीचं जन्मनोंद रजिस्टर, बाळंतपण जिथे झालं त्या दवाखान्याची नोंद, लसीकरणाचं कार्ड, जे मिळेल ते तपासातच गोळा करायला सांगते. तुमच्या घरात मुलीचं लसीकरणाचं जुनं कार्ड असेल तर ते शोधून ठेवा.

दुसरं वैद्यकीय. खबर मिळाल्यापासून २४ तासांत तपासणी व्हायला हवी, मुलीची तपासणी महिला डॉक्टरांनीच करायची, आणि आईवडील किंवा तिच्या विश्वासातली व्यक्ती जवळ असायला हवी. उपचार मोफत आणि तातडीनं द्यायचे असतात, फिर्याद आधी आणा असं कुठलंही रुग्णालय म्हणू शकत नाही. दोन बोटांची ती अपमानकारक चाचणी सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये चुकीची ठरवली आणि २०२२ मध्ये पुन्हा बजावलं की ती करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल. आणखी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. अहवालात "जखम आढळली नाही" असं आलं म्हणजे काही घडलं नाही असा अर्थ होत नाही. तक्रार उशिरा झाली, प्रतिकार करता आला नाही, धाक दाखवला होता, तर शरीरावर खूण राहतेच असं नाही, आणि न्यायालयांना हे माहीत आहे. मी अहवालात आधी डॉक्टरांनी लिहून घेतलेली हकीकत वाचते. मुलीनं पहिल्याच दिवशी, पोलिसांव्यतिरिक्त एका त्रयस्थ माणसाला, आपल्या शब्दांत काय सांगितलं याची ती नोंद असते. बऱ्याच खटल्यांत जखमांपेक्षा या चार ओळींचा आधार मोठा ठरतो.

तिसरं वस्तू आणि फोन. त्या दिवशीचे कपडे धुतले नसतील तर तसेच राहू द्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, ओलाव्यानं नमुना खराब होतो. सावलीत वाळवून कागदात गुंडाळा आणि पंचनाम्यातच पोलिसांकडे द्या. फोनवर मेसेज असतील तर पुसू नका आणि फक्त स्क्रीनशॉटवर विसंबू नका. फोनच द्या. डिजिटल पुराव्याला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते नसलं तर पुरावा समोर दिसत असूनही न्यायालयाला तो धरता येत नाही. मुलीचे फोटो किंवा व्हिडिओ असतील तर "पुरावा म्हणून" नातेवाइकांनाही पाठवू नका. ते पाठवणं हा वेगळा गुन्हा आहे आणि त्यात मुलीचं नुकसान आहे ते वेगळंच. पोलिसांच्या कामात मी एकाच ठिकाणी डोळ्यांत तेल घालून बघते. मुद्देमाल जप्त झाल्यापासून प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंतचा प्रत्येक दिवस कागदावर आहे का? सील कुणी केलं, मुद्देमाल खोलीत कुणाच्या ताब्यात होता, कोणता अंमलदार घेऊन गेला, पावती आहे का? मधले चार दिवस हिशेबात नसतील, तर डीएनएचा अहवाल कितीही स्पष्ट असला तरी बचाव पक्ष तेवढ्या फटीतून आत शिरतो.

आता तुमचा मनापासूनचा प्रश्न, मुलीला किती वेळा सांगावं लागणार? एकदा पोलिसांना, थोडक्यात डॉक्टरांना, एकदा दंडाधिकाऱ्यांपुढे आणि एकदा खटल्यात. पहिलं तर झालंच आहे. पोलिसांनी जबाब घरी किंवा मुलीला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकांनी, गणवेश न घालता घ्यायचा असतो. दंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली होतो, लोक अजून जुन्या कलमावरून त्याला "एकशे चौसष्टचा" म्हणतात. यापलीकडे कुणी तिला सांगायला लावू नये. पत्रकारानं नाही, संस्थेच्या कार्यकर्त्यानं नाही, भेटायला आलेल्या नातलगानं तर नाहीच. प्रत्येक वेळी सांगताना शब्द थोडे बदलतात आणि तो बदल कुठेतरी लिहिला गेला की उलटतपासात समोर येतो.

जबाबाच्या भाषेबद्दल मी तपास अधिकाऱ्यांशी नेहमी बोलते. नऊ-दहा वर्षांच्या मुलीच्या जबाबात "माझ्या मनास लज्जा उत्पन्न होईल असे वर्तन केले" असं वाक्य आलं, की बचावाच्या वकिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, हे तुला कुणी सांगितलं? त्याऐवजी पोर जे बोलली तेच लिहा. कुठे हात लावला, कपड्यांवरून की आतून, तू काय केलंस, तो काय म्हणाला, बाहेर कुठली गाडी वाजत होती. अशा बारीक तपशिलांत खरेपणा कळतो. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं कातडीला कातडीचा स्पर्श नसेल तर पोक्सोचा लैंगिक हल्ला होत नाही असं म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी ते रद्द केलं आणि हेतू महत्त्वाचा असं ठरवलं. तरीही नेमका तपशील लिहिलेला असणं मुलीच्याच भल्याचं आहे, कारण कोणतं कलम लागणार आणि किती शिक्षा होणार हे त्यावर ठरतं.

या गुन्ह्यांचा तपास दोन महिन्यांत पूर्ण व्हावा असा कायदा आहे, आणि ९० दिवसांत तपासाची प्रगती फिर्यादीला किंवा पीडितेला कळवायची असते. दोषारोपपत्र न्यायालयात जाण्याआधी ते आमच्याकडे वाचायला येतं. छाननी आणि देखरेखीचं काम अभियोग संचालनालयाकडे नव्या संहितेनं स्पष्टपणे सोपवलं आहे. मी ते उलट्या बाजूनं वाचते, म्हणजे आरोपीच्या वकिलाच्या नजरेनं. घटनास्थळाच्या पंचनाम्यात दार कुठे दाखवलं आहे आणि मुलगी ते कुठे होतं म्हणते? आईला कधी कळलं, आणि शेजारणीच्या जबाबात ती वेळ जुळते का? फिर्यादीला उशीर झाला असेल तर त्याचं कारण फिर्यादीतच लिहिलं आहे का? घरातली अब्रू, धाक, पोरीनं महिनाभर तोंड उघडलं नाही, ही खरी कारणं असतात आणि न्यायालयं ती समजून घेतात. पण ती कागदावर हवीत. त्रुटी दिसली की पुरवणी जबाब, राहिलेला साक्षीदार, बँकेचा किंवा टॉवरचा तपशील, जे लागेल ते आम्ही मागून घेतो.

लोक म्हणतात, पोक्सोत आरोपीनंच आपण निर्दोष असल्याचं सिद्ध करायचं असतं. कलम २९ मधलं गृहीतक आहे हे खरं, पण ते आपोआप लागू होत नाही. मूल अल्पवयीन आहे आणि घटना घडली आहे, या पायाच्या गोष्टी सरकार पक्षाला आधी उभ्या कराव्याच लागतात. मुलीची एकटीची साक्ष विश्वासार्ह असेल तर तेवढ्यावरही शिक्षा होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं वारंवार सांगितलं आहे. तरीही मी त्यावर अवलंबून राहत नाही. कोल्हापूरकरांना अंजनाबाई गावित प्रकरण आठवत असेल. लहान मुलांचं अपहरण करून त्यांचे खून केल्याचा तो खटला इथल्याच सत्र न्यायालयात चालला आणि २००१ मध्ये निकाल लागला. त्यात माफीचा साक्षीदार होता, पण निव्वळ त्याच्या शब्दावर शिक्षा झाली नाही, स्वतंत्र पुराव्याचा आधार लागला, आणि खुनाचे सगळे आरोप टिकलेही नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये कायम केलेली अंजनाबाईच्या दोन मुलींची फाशी दयेच्या अर्जावरच्या विलंबामुळे उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये जन्मठेपेत बदलली. इतक्या वर्षांनी कुणी फाइल उघडली तरी पुरावा तसाच उभा राहिला पाहिजे, असा विचार करून आम्ही कागद लावतो.

साक्षीचा दिवस. न्यायालयानं दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलीची साक्ष नोंदवावी आणि शक्यतो वर्षभरात खटला संपवावा असं पोक्सोचं कलम ३५ म्हणतं. प्रत्यक्षात उशीर होतो, तो होऊ नये म्हणून आम्ही भांडतो. मी मुलीला आधी एकदा, न्यायालय रिकामं असताना, कसबा बावडा रस्त्यावरच्या न्यायसंकुलात आणवते. न्यायाधीश कुठे बसतात, लिहून घेणारे कुठे, तू कुठे बसशील, पाणी कुठे आहे, आई कुठे बसेल, स्वच्छतागृह कुठे आहे, सगळं दाखवते. काय बोलायचं ते मी सांगत नाही. फक्त तीन गोष्टी सांगते. प्रश्न कळला नाही तर "कळला नाही" म्हण. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हण. दमलीस तर सांग, आपण थांबू. पाठ करून आलेली साक्ष पहिल्या दहा मिनिटांत ओळखू येते, म्हणून घरी तिच्याकडून उजळणी करून घेऊ नका, प्रेमापोटीही नको.

त्या दिवशी बंद दालनात कामकाज चालतं. मुलीला आरोपी दिसू नये यासाठी पडदा किंवा व्हिडिओची सोय असते. असुरक्षित साक्षीदारांसाठी स्वतंत्र साक्ष केंद्रं असावीत हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा आदेश महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणातून आला. न्यायाधीश आधी शाळा, मैत्रिणी, खरं-खोटं यांबद्दल दोन-चार प्रश्न विचारतात आणि मूल समजून उत्तर देतंय ना हे बघतात. मग सरतपास, म्हणजे आमचे प्रश्न, नंतर बचाव पक्षाचा उलटतपास. इथे पोक्सोचं कलम ३३ महत्त्वाचं आहे. आमचे आणि बचाव पक्षाचे प्रश्न थेट मुलीला नाही, न्यायाधीशांकडे द्यायचे आणि ते न्यायाधीश मुलीला विचारणार. चारित्र्यावर शिंतोडे उडवणारा, दरडावणारा प्रश्न चालत नाही. मी अशा वेळी उठून हरकत घेते आणि ती नोंदवून घेते, कारण न नोंदवलेली हरकत अपिलात कुणाला दिसत नाही. मधे विश्रांती मिळते. मी माझी खुर्ची तिच्या उंचीला येईल अशी घेते आणि घटनेकडे जाण्याआधी त्या दिवशी शाळेतून घरी कशी आलीस, इथून सुरुवात करते. चालत की वडाप (शेअर जीप) धरून, कोणाबरोबर, वाटेत काय दिसलं. मूल आठवणीत हळूहळू शिरतं आणि मग मला फार विचारावं लागत नाही. तपशिलात थोडी विसंगती आलीच तर घाबरू नका. वेळ अर्ध्या तासानं चुकणं आणि घटनाच वेगळी सांगणं यातला फरक न्यायाधीशांना चांगला कळतो.

आता "मिटवून टाका" म्हणणाऱ्यांबद्दल. हा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजस्थानातल्या एका शिक्षकाच्या प्रकरणात, पालकांशी तडजोड झाल्यामुळे उच्च न्यायालयानं रद्द केलेला गुन्हा पुन्हा जिवंत केला. असा गुन्हा दोन कुटुंबांमधला खासगी मामला नसतो, असं ते न्यायालय म्हणालं. गावातल्या माणसांना तुम्ही शांतपणे एवढंच सांगा, "हे आता आमच्या हातात नाही, खटला सरकार चालवतंय." ते खरंही आहे. त्यापुढे कुणी पैशाचं, जमिनीच्या बांधाचं, पोरीच्या लग्नाचं काढलं तर तारीख लिहून ठेवा आणि आम्हाला कळवा. साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो, धोक्याचं स्वरूप बघून गस्त, निवासाची जागा, साक्षीच्या दिवशी पोलीस सोबत, अशी मदत मिळते.

पंच आणि शेजारी फितूर होतात, हे मी लपवणार नाही. माणूस वाईट असतो म्हणून होतो असं नाही, त्याला त्याच गावात राहायचं असतं. शाहूवाडीहून किंवा गगनबावड्याहून दिवसाची मजुरी बुडवून पहाटेच्या एसटीनं यायचं आणि तारीख पुढे गेली म्हणून परत जायचं, असं झालं की साक्षीदाराचं मन मोडतं. म्हणून आमचे पैरवी अंमलदार आदल्या दिवशी फोन करून साक्ष होणार की नाही ते सांगतात आणि साक्षीदाराचा प्रवासखर्च मागतात. तुम्हीही शेजारणीला गृहीत धरू नका. तिला सोबत घेऊन या, बरोबर बसा, बरोबर जेवा. पंच फितूर झाला तरी आम्ही त्याला उलट प्रश्न विचारू शकतो आणि तपास अधिकाऱ्याच्या साक्षीतून पंचनामा सिद्ध होऊ शकतो. पण आई किंवा मावशीच मागे हटली तर मुलीला वाटतं की आपणच चुकलो, आणि ती गप्प होते.

आरोपीचा जबाब, बचावाचा पुरावा आणि युक्तिवाद यांत तुमचं फारसं काम नसतं. निकाल युक्तिवाद संपल्यापासून ३० दिवसांत, कारण नोंदवून फार तर ४५ दिवसांत द्यायचा असतो. सोळा वर्षांखालच्या मुलीवरच्या बलात्कारात दोष सिद्ध झाला तर किमान २० वर्षं सक्तमजुरी आहे. त्यामुळे बचाव पक्ष जिवाच्या आकांतानं लढणार, हे धरून चला.

नुकसानभरपाईसाठी निकालाची वाट बघू नका. विशेष न्यायालय अंतरिम रक्कम देऊ शकतं, आणि राज्याच्या मनोधैर्य योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो. समुपदेशन आणि शाळेचा खर्च यासाठी ते पैसे आत्ताच लागतात. मुलीचं नाव, शाळा, गाव, फोटो कुठेही येऊ देऊ नका. पाठिंब्याच्या मोर्चाच्या फलकावरही नको. तो गुन्हा आहे, आणि फलक काढून टाकला तरी फोनमधलं चित्र राहतं.

अपिलाचं शेवटी. शिक्षा झाली तर आरोपी उच्च न्यायालयात जाणार आणि शिक्षा स्थगितीचा अर्ज करणार, तेव्हाही तुमचं म्हणणं मांडता येतं. तो निर्दोष सुटला, कमी कलमाखाली दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी वाटली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१३ नं पीडितेला स्वतः अपील करता येतं. शिक्षा कमी वाटली तर ते अपील सरकारला करावं लागतं, त्यासाठी सरकारी वकिलांकडे लेखी मागणी द्या. आधी यासाठी मुंबईची वारी करावी लागायची, आणि निम्मी घरं तिथेच थांबायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरात, भाऊसिंगजी रोडवर सीपीआरजवळच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत सुरू आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं तिथे चालतात. निकाल लागला की त्याच दिवशी प्रमाणित नकलेसाठी अर्ज टाका, निकाल कसाही लागला असला तरी.